२८ डॉलरचं घर: 'वॉल्डन'मधला हिशेब कसा वाचायचा?

'लहान घर, कमी सामान, साधं आयुष्य' या विषयावर कुणी सिनॉप्सिस लिहायला घेतला की पहिल्या दोन पानांत हेन्री डेव्हिड थोरो येतोच. पण तो येतो सुविचारासारखा. त्याचं 'वॉल्डन' (१८५४) मात्र चक्क आकडे देणारं पुस्तक आहे. दुर्गाबाई भागवतांनी ते 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आणलं. त्यातलं पहिलं, अर्थकारणावरचं प्रकरण हातात पेन्सिल घेऊन वाचायचं.

आधी दावा काय आहे ते बघू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड गावाबाहेर, वॉल्डन तळ्याकाठी, थोरोने १८४५ साली १० फूट बाय १५ फुटांचं घर बांधलं आणि दोन वर्षांहून थोडा जास्त काळ तो तिथे राहिला. त्याचं म्हणणं असं की, त्या भागात साधारण घराला ८०० डॉलर पडतात आणि मजुराला तेवढे साठवायला १० ते १५ वर्षं लागतात. म्हणजे घराची किंमत मोजायची ती आयुष्यातल्या वर्षांत. घर लहान करा, वर्षं परत मिळतील. त्याच्या घराचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. जुन्या हजार विटा ४ डॉलर, खिळे ३ डॉलर ९० सेंट, खडू १ सेंट! जवळपास तेवढ्याच खोलीला हार्वर्डचा विद्यार्थी वर्षाला ३० डॉलर भाडं भरतो, असंही तो सुनावतो. (पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी इथे उसासा टाकायला हरकत नाही.)

यावरची नेहमीची टीका तुम्ही ऐकली असेल: 'कसला साधेपणा, कपडे तर दुसरंच कुणीतरी धूत होतं!' मला ही टीका आळशी वाटते. एक तर धुण्याशिवण्याचा खर्च हिशेबात नाही, ते काम बहुतेक बाहेर होतं आणि त्याची बिलं अजून आलेली नाहीत, हे थोरो स्वतःच सांगतो. लाकूड, दगड, वाळू फुकट घेतली, स्वतःची मजुरी धरली नाही, सांगाडा उभा करायला ओळखीचे लोक आले, दोन वर्षांचा अनुभव एका वर्षात बसवला, हे सगळं पुस्तकातच आहे. जमीन इमर्सनची होती, हे मात्र बाहेरून कळून घ्यावं लागतं. आणि दुसरं म्हणजे, माणूस ढोंगी ठरला म्हणून त्याचा दावा खोटा ठरत नाही. व्हायव्हात असा मुद्दा काढलात तर समोरचे परीक्षक लगेच पकडतील.

खरी गोची हिशेबाच्या पहिल्याच ओळीत आहे. फळ्या, ८ डॉलर साडेतीन सेंट, 'बहुतेक झोपडीच्या'. कुणाच्या झोपडीच्या? जेम्स कॉलिन्स नावाचा एक आयरिश माणूस रेल्वेच्या कामावर होता. थोरोने त्याची झोपडी ४ डॉलर २५ सेंटना घेतली. अट अशी की पैसे रात्री द्यायचे आणि कॉलिन्सने पहाटे ५ वाजता घर सोडायचं. सहा वाजता ते कुटुंब थोरोला रस्त्यात भेटलं. एका गाठोड्यात सगळा संसार. मांजर तेवढी मागे राहिली. ती रानात गेली आणि पुढे सापळ्यात सापडून मेली, हेही तो नोंदवतो. कुटुंब कुठे गेलं, याची नोंद नाही.

आता बघा, याच फळ्यांमध्ये आधी एक माणूस राहत होता. घर लहान, सामान एका गाठोड्याइतकं. पण त्यापायी कॉलिन्सला मोकळी वर्षं मिळाली नाहीत. संशोधनाच्या भाषेत बोलायचं तर थोरोच्या पुस्तकात तुलनागट आयता आहे, फक्त त्याने तो तसा वापरला नाही.

'बेकर फार्म' या प्रकरणात असाच दुसरा माणूस भेटतो. जॉन फील्ड, तोही आयरिश मजूर, बायको-मुलं, गळकं घर. थोरो त्याला समजावतो: चहा, कॉफी, लोणी, मांस सोड, म्हणजे एवढं राबावं लागणार नाही. सल्ला देणारा एकटा, हार्वर्डला शिकलेला, जमिनीची मोजणी करून कमावू शकणारा, आणि घर सोडलं तर गावात आईवडिलांकडे परतू शकणारा. (आयुष्याची शेवटची वर्षं तो तिथेच राहिला, ते घर काही लहान नव्हतं.) ऐकणाऱ्याकडे यातलं काहीच नाही. वर्षाकाठी सहाएक आठवडे काम केलं की भागतं, हा थोरोचा आकडा मला खरा वाटतो, पण तो एका सड्या माणसाचा आहे. सॅम्पल एक, आणि तेही स्वतःच निवडलेलं.

म्हणून दावा फेकून द्यायचा का? नाही, तो आक्रसून घ्यायचा. ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही, ज्याला जागेचं भाडं नाही आणि परतीची वाट उघडी आहे, त्याला लहान घरातून वेळ मिळू शकतो. एवढं 'वॉल्डन' दाखवतं, आणि तेही थोडं नाही. मिनिमलिझमवर मुलाखती घेणार असाल, तर प्रश्नावलीत चौरस फुटांच्या आधी दोन प्रश्न टाका: आधीचं घर अजून कुणाच्या ताब्यात आहे? आणि हे जमलं नाही तर कुठे जाणार?