लय कमी, स्वर तोच

७८ फेऱ्यांची तबकडी निम्म्या वेगाने फिरवली, तर कंपनसंख्याही निम्मी होते. ४४० हर्ट्झचा स्वर २२० वर, म्हणजे सप्तकभर खाली येतो. २००० साली आलेली ‘ऑडॅसिटी’ ही मोफत संगणकप्रणाली ध्वनीचे बारीक तुकडे पाडून, ते एकमेकांवर चढवून लांबवते. स्वर मात्र तोच राहतो. अब्दुल करीम खाँच्या (निधन १९३७) झिंजोटीतल्या ठुमरीतील झरकन निसटणारी मुरकी अशी उलगडते. पण फार ताणले, की तबल्याची थाप फिसकटते, मींड खरखरते.

चिखल्यासारख्या गावी, संगीतशिक्षक नसलेल्या शाळेने हे साधन जरूर वापरावे. मात्र पाऊण लयीखाली फारसे जाऊ नये, आणि शेवटी मूळ लयीत ऐकवून मुलांना गाऊ द्यावे. मुरकीची गंमत तिच्या वेगातच आहे.