झाडीपट्टी रंगभूमी : रहस्यरचना व प्रेक्षक

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या व जंगलाच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. तेथील रात्रभर चालणाऱ्या नाट्यप्रयोगांच्या परंपरेस झाडीपट्टी रंगभूमी ही संज्ञा आहे. दंडार व खडी गंमत हे स्थानिक लोकनाट्यप्रकार आणि मराठी संगीत नाटक यांच्या संस्कारांतून ती घडली. दिवाळीनंतर मंडई व शंकरपट यांच्या निमित्ताने तिचा हंगाम सुरू होतो. देसाईगंज (वडसा) हे नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र असून नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागांतील गावे तिच्या प्रेक्षकक्षेत्रात मोडतात.

पूर्वी दूरच्या गावांतील कुटुंबे बैलगाड्यांनी नाटकास येत. जंगलवाटेने मध्यरात्री परतणे अवघड असल्याने खेळ उजाडेपर्यंत चालणे सोयीचे होते. संहितेची लांबी त्यामुळे कथेच्या गरजेइतकीच रात्रीच्या लांबीनेही ठरत गेली. एकच रहस्य इतका वेळ ताणता येत नाही; म्हणून एक गुपित उलगडताच दुसरे पुढे येते. हरवलेल्या मुलाची ओळख पटते, तोच त्याला दूर करणाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. हेरकथेत वाचकासही अपराधी ठाऊक नसतो. येथे मात्र प्रेक्षक बहुधा जाणता आणि पात्र अजाण असते. ‘काय घडले?’ यापेक्षा ‘याला केव्हा कळणार?’ हे कुतूहल प्रबळ ठरते. त्यामुळे मध्येच डुलकी लागलेल्या प्रेक्षकालाही कथेचा धागा पुन्हा सापडतो.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून (स्थापना १८९०) क्रमशः प्रसिद्ध झाली. अशा लेखनात वाचकाचा प्रतिसाद लेखकापर्यंत पोहोचण्यास दोन प्रकरणांमधील काळ मिळतो. झाडीपट्टीच्या नटास तो त्याच क्षणी मिळतो. टाळ्या, ‘वन्स मोअर’ व रोख बक्षिसे यांमुळे पद पुन्हा गायिले जाते, विनोदी प्रवेश लांबतो आणि रहस्याचा उलगडा तेवढा पुढे सरकतो. गावोगावच्या प्रयोगांत असे फेरफार रुळत जातात. संहिता या अर्थाने लेखकाची असते, तशीच ती प्रेक्षकाचीही असते.

या देवघेवीत या रंगभूमीचे बळ आहे आणि तिचा धोकाही. पद पात्राच्या मनातील गुपिताशी निगडित असते, तोवर विलंबाने उत्कंठा वाढते. कथेशी असंबद्ध नृत्ये त्या जागी आली, की विलंब उरतो, उत्कंठा मात्र ओसरते. रहस्य हे दोन नृत्यांमधील केवळ भरताड ठरते. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये मिळालेल्या पद्मश्रीमुळे या रंगभूमीस देशपातळीवर मान्यता लाभली. तिचे कलात्मक सत्त्व मात्र प्रेक्षकाने पहाटेपर्यंत कशाची वाट पाहावी, यावरच अवलंबून आहे.