पुठ्ठ्याचा भूतबंगला

२०२४ साली नरकचतुर्दशी आणि विलायती हॅलोवीन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. मुलुंडच्या आमच्या इमारतीत मुलांनी किल्ल्याशेजारी पुठ्ठ्याचा भूतबंगला मांडला. वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. मला मात्र बंगलाच सरस वाटला. किल्ला बाजारातून आयता आणलेला, मातीला कोणाचा हातही न लागलेला! बंगल्याच्या खिडक्या मुलांनी स्वतः कापलेल्या. त्यांमागे पिवळा पतंगी कागद, आत मिणमिणती बॅटरी. सावली भिंतीवर हाले, तेव्हा मीही क्षणभर दचकलो.

उणीव एकच. धुराडे, झाडूवरची चेटकीण, सारे उसने. आपला मुंजा पिंपळावर राहतो. त्याला धुराडे कशाला? अन् हडळीची पावले उलटी असतात, हे मुलांना कोणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले. धाकटीने मुकाट्याने कात्री उचलली.