मृताची जबानी : नागर अद्भुतातील हेरकथेचे कथाबीज

हेरकथा आणि अद्भुतकथा या दोन वाङ्मयप्रकारांचे सख्य मुळातच अवघड आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये हेरकथेसाठी जे दहा दंडक घालून दिले, त्यांत अतिमानवी शक्तींना स्पष्ट मज्जाव होता. कारण उघड आहे. खुनी भिंतीतून आरपार जाऊ शकत असेल, तर बंद खोलीचे कोडे हे कोडेच राहत नाही. हेराला मंत्राने सत्य कळत असेल, तर तर्काला काम उरत नाही. मराठीत बाबूराव अर्नाळकरांची हेरकथा आणि नारायण धारपांची भयकथा या धारा बव्हंशी वेगळ्या वाहिल्या, त्यामागेही हाच संकोच असावा. धारपांचा समर्थ अशुभाशी झुंजतो. त्याला न्यायासनापुढे पुरावा मांडायचा नसतो.

म्हणूनच नागर अद्भुतातील हेरकादंबरीचे कथाबीज ‘पोलीस अधिक जादू’ अशा बेरजेतून उगवत नाही. या दृष्टीने बेन आरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११) तपासण्यासारखी आहे. पीटर ग्रांट हा उमेदवारीच्या काळातला पोलीस शिपाई कॉव्हेंट गार्डनमध्ये खुनाच्या जागेवर पहारा देत असता त्याला एक साक्षीदार भेटतो, आणि तो साक्षीदार भूत निघतो. भुताचे दर्शन हे येथील बीज नव्हे. भयकथेत ते नित्याचेच. पीटर त्याची जबानी घेऊ लागतो, हे बीज आहे. त्या क्षणी कळणे आणि सिद्ध करणे यांत दरी पडते, कारण मृताची साक्ष कोणत्या न्यायालयात टिकणार?

हे बीज वाढते ते मर्यादांच्या आधाराने. जादूचा ठसा वस्तूंवर मागे राहतो आणि अभ्यासाने तो ओळखता येतो. अतिरेक झाल्यास जादूगाराचा मेंदू नासतो. जादू करताना चालू असलेल्या मोबाइलमधील चिपचा चुरा होतो. यांतील शेवटची गंमत वाटते खरी, पण तिच्यामुळे मंत्र आणि आधुनिक तपासयंत्रणा एकाच वेळी हाताशी राहत नाहीत, व तर्काची गरज टिकते. नियमबद्ध जादूचा हा मार्ग रँडल गॅरेट यांनी १९६० च्या दशकात लॉर्ड डार्सीच्या कथांतून दाखवला होता. मात्र त्यांचे जग पर्यायी इतिहासातले. आरोनोविच यांना हयात शहर हवे आहे.

ते शहर पार्श्वभूमी न राहता कारण बनते. येथील खुनांचा आकृतिबंध पंच आणि ज्युडी या बाहुल्यांच्या खेळाचा आहे, आणि पंचच्या इटालियन पूर्वजाचा खेळ सॅम्युअल पेप्स यांनी १६६२ मध्ये कॉव्हेंट गार्डनमध्येच पाहिला होता. रस्त्यांखाली गाडली गेलेली टायबर्न नदी येथे देवता होऊन माणसांत वावरते. ही कथा उचलून दुसऱ्या नगरात ठेवता येणार नाही.

कादंबरी डगमगते ती अपराधाच्या प्रश्नापाशी. खून करणारे हात साध्या नागरिकांचे आहेत, त्यांच्यात संचारलेली इच्छा दुसऱ्याची. अशा माणसाचे अपराधित्व कोणते? जबानीच्या बीजातून नेमका हाच प्रश्न अंकुरायला हवा होता. पण संचार ओसरताच चेहरे विदीर्ण होऊन त्यांतील बहुतेकांना मरण येते, आणि आरोपपत्र कोणाच्या नावे लिहावे हा पेच पीटरपुढे उभाच राहत नाही.