पाठिंबा आणि विश्वास : १९६२ च्या संसदेतील विरोधी पक्ष

युद्धकाळात विरोधी पक्षाने कसे वागावे, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘ऐक्य’ या एकाच शब्दात दिले जाते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने मोठे आक्रमण केल्यानंतर भारतीय संसदेत जे घडले, त्याचे वर्णनही याच शब्दाने होत आले आहे. तथापि हा शब्द दोन भिन्न क्रियांवर पांघरूण घालतो. राष्ट्राच्या संरक्षणास पाठिंबा देणे ही एक क्रिया. शासनावर विश्वास ठेवणे ही दुसरी. विरोधी पक्षांच्या धोरणाचे मूल्यमापन या भेदाच्या आधारेच करावयास हवे.

तिसऱ्या लोकसभेच्या निवडणुकीत काँग्रेसला ३६१ जागा मिळाल्या होत्या; कम्युनिस्टांना २९, स्वतंत्र पक्षाला १८, जनसंघाला १४ व प्रजासमाजवाद्यांना १२. संख्याबळाने शासनाला अडविणे अशक्य होते. हाती होते ते शब्द आणि सभागृहाची कार्यपद्धती. म्हणूनच वाजपेयी यांनी अधिवेशन लवकर बोलावण्याची केलेली मागणी महत्त्वाची ठरते. ८ नोव्हेंबर रोजी अधिवेशन सुरू झाले. त्याच्या आदल्याच दिवशी कृष्ण मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले. मात्र त्यात काँग्रेसमधील असंतोषाचाही वाटा मोठा होता.

चर्चेत विरोधकांनी संरक्षणाच्या पूर्वतयारीवर कठोर टीका केली आणि १४ नोव्हेंबर रोजी आक्रमकास हुसकावून लावण्याचा ठराव सभागृहाने उभे राहून संमत केला. येथे भाषण आणि ठराव यांतील अंतर लक्षात घेतले पाहिजे. भाषणांत पाठिंबा व विश्वास वेगळे राखले गेले. ठरावाच्या शब्दांत तो भेद उरला नाही. आणीबाणीच्या उद्घोषणेसही याच अधिवेशनात संमती मिळाली. तीस मुदत नव्हती. तत्कालीन राज्यघटनेनुसार संसदेची संमती पुनःपुन्हा घेण्याचे बंधनही नव्हते. परिणामी युद्धविराम नोव्हेंबर १९६२ मध्येच झाला, पण आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. संरक्षणास पाठिंबा देणाऱ्या कम्युनिस्ट पक्षाचे अनेक कार्यकर्ते त्याच नोव्हेंबरात स्थानबद्ध झाले.

ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी लोकसभेतील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. परंतु मनातला भेद आता ठरावाच्या शब्दांत आला होता, आणि लोहियांनी तीन आण्यांच्या दैनिक उत्पन्नाचा प्रश्न याच चर्चेत उभा केला. सप्टेंबरात संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पराभवाच्या चौकशीवर निवेदन केले. मूळ अहवाल मात्र सभागृहापुढे ठेवला गेला नाही.

विरोधी पक्षांनी युद्धात शासनाची अडवणूक केली नाही, हे त्यांचे भूषणच होय. त्यांची उणीव निराळी होती. जी अट भाषणात उच्चारली, ती ठरावात लिहून घेतली गेली नाही; आणि शासनाला बांधून ठेवतो तो ठराव, भाषण नव्हे.