‘मजबूत’ म्हणजे किती?

विद्यार्थ्यांच्या वस्तू आणि वेष्टन प्रकल्पांच्या वह्यांत ‘स्पेसिफिकेशन’ या मथळ्याखाली जे लिहिलेले असते, ते आम्हाला पटत नाही. वेष्टन आकर्षक असावे, मजबूत असावे, स्वस्त असावे. नसावे असे कोण म्हणेल? हे निकष नव्हेत, शुभेच्छा आहेत! तयार खोका यात बसला की नाही, हे ठरवायचे कसे?

फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९३०च्या दशकात खेडुतांसाठी मोटार आखायला घेतली, तेव्हाची मागणी पाहा. दोन शेतकरी, ५० किलो बटाटे, ताशी ६० किलोमीटर वेग, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल. शिवाय नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत. (ही ‘टू-सीव्ही’ १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली.) यात स्प्रिंगा कसल्या वापराव्यात याबद्दल अवाक्षर नाही, आणि खुबी नेमकी तिथेच आहे.

अंड्याच्या खोक्यासाठी ‘मजबूत’ऐवजी ‘८० सेंटिमीटरवरून फरशीवर तीनदा पडला तरी अंडे शाबूत’ असे लिहून पाहा. लगेच गणित सुरू होते. अंडे १ सेंटिमीटरात थांबले तर सरासरी मंदन गुरुत्व त्वरणाच्या ८० पट. ४ सेंटिमीटरात थांबले तर २० पट. म्हणजे हवा आहे तो मऊपणा!

शिक्षकांकडेही एक तक्रार आहे. ‘थर्माकोल वापरावा’ हा निकष नव्हे, ते उत्तर झाले. असे वाक्य दिसले की स्पेसिफिकेशन खोका झाल्यावर लिहिले, हे ओळखावे. मग भुसा, कागदाचे चोळे, गवत यांची परीक्षा व्हायचीच राहते.