‘कुणीही’ आणि ‘सगळे’ : एका बिझनेस मेळाव्याची समीक्षा



या व्याख्यानमालेत समीक्षा म्हटली की समोर पुस्तक असतं. आज पुस्तक नाही, एक कार्यक्रमपत्रिका आहे. माझा एक जुना विद्यार्थी गेली काही वर्षं नेटवर्क मार्केटिंगमध्ये आहे. आता तो आपल्या जिल्ह्याच्या गावी पहिला मोठा मेळावा भरवतोय. आठशे खुर्च्यांचं सभागृह, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, तिकीट पाचशे रुपये. पत्रिका पाठवून तो म्हणाला, “सर, उद्घाटनाला या, आणि त्याआधी काही सुधारणा सुचत असतील तर सांगा.” उद्घाटनाला मी जाणार नाही, हे त्याला कळवलं आहे. सुधारणा मात्र सांगणार आहे, आणि त्याच्याच संमतीने त्या इथे जाहीरपणे सांगतोय. त्याच्या कंपनीचं नाव घेणार नाही. प्रश्न एका कंपनीचा नसून या प्रकारच्या सोहळ्याचा आहे.

पत्रिकेत काय आहे? दीपप्रज्वलन, स्वागत, मग ‘यशोगाथा’ या नावाखाली सहा वक्ते. जेवणाआधी ‘प्लॅन’. जेवणानंतर ‘माइंडसेट’. संध्याकाळी ‘सन्मान सोहळा’, म्हणजे ज्यांनी वरची पातळी गाठली त्यांना पिन लावणं, आणि शेवटी ‘संकल्प’. नऊ तासांत चौदा जण बोलणार आहेत.

टीका करण्याआधी या सोहळ्याचं बळ कशात आहे ते समजून घेऊ, नाहीतर आपली टीका नुसती नाक मुरडणं होईल. आपल्या समाजात सामान्य माणसाचं नाव माइकवरून किती वेळा पुकारलं जातं? शिवणकाम करणारी एखादी बाई, पतसंस्थेतला शिपाई, गाळा बंद पडलेला दुकानदार, यांच्यासाठी आयुष्यात कधी टाळ्या वाजलेल्या नसतात. लग्नात आहेर पुकारतात तेव्हा काय ते नाव ऐकू येतं. या मेळाव्यात मात्र त्या बाईला मंचावर बोलावतात, तिच्या घरच्यांना उभं करतात, आठशे माणसं टाळ्या वाजवतात. ही भूक खोटी नाही. जातीने, शिक्षणाने, पगाराने ज्यांना मागच्या रांगेत बसवलं, त्यांना इथे पुढे यायला सांगितलं जातं. शिकलेले लोक या मेळाव्यांना हसतात, कारण त्यांना त्यांचे सन्मान दुसरीकडे मिळालेले असतात. म्हणून आपण सन्मानाला हसू नये. तो कशाच्या बदल्यात मिळतो, एवढं विचारावं.

आता पहिलं सत्र, यशोगाथा. सिसेरोने डायागोरस नावाच्या नास्तिकाची एक कथा सांगितली आहे. त्याला देवळातली चित्रं दाखवतात. समुद्रात वादळ झालं, नवस केले आणि जे वाचले, त्यांनी वाहिलेली चित्रं. देव आहे याचा आणखी काय पुरावा हवा, असं विचारतात. तो म्हणतो, जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न यशोगाथांच्या सत्राला जसाच्या तसा लागू पडतो. सहा वक्ते खरंच बोलत असतील. मी एकालाही खोटारडा म्हणत नाही. पण सहा खऱ्या साक्षींतून एकंदर व्यवसायाबद्दल खरं चित्र निघेलच असं नाही. बुडालेल्यांना मंच नसतो. त्यांनी तिकीट काढणं बंद केलेलं असतं.

दुसरं सत्र, प्लॅन. इथे मला जरा फळा लागेल, पण तोंडी सांगतो. समजा, एकाने पाच जण आणले, त्या प्रत्येकाने पाच आणले. एक, पाच, पंचवीस, एकशे पंचवीस, सहाशे पंचवीस. बेरीज होते ७८१. म्हणजे आपलं सभागृह भरलं. आता या ७८१ जणांत सगळ्यात खालच्या ओळीत किती? ६२५. शेकडा ८०. त्यांच्या खाली कुणीही नाही. त्यांच्या वरचे १२५ असे, की त्यांच्या खाली फक्त पाच-पाच माणसं आहेत. दोन्ही ओळी मिळून ७५०. उरले ३१. मंचावर कोण बसणार ते या ३१ जणांतून ठरणार.

कुणी म्हणेल, सर, आज ६२५ खाली आहेत, उद्या तेही पाच आणतील. आणतील ना. मग खाली ३,१२५ नवे उभे राहतील, आणि पुन्हा शेकडा ८० लोकांखाली कुणी नसेल. झाड कितीही वाढू दे, प्रमाण तेच राहतं. आणि झाड वाढतच राहील हेही शक्य नाही. अकराव्या पायरीवर ४ कोटी ८८ लाख माणसं लागतात, बाराव्या पायरीवर २४ कोटी ४१ लाख. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, त्यात पाळण्यातली मुलंही आली. प्रत्यक्षात झाड इतकं नीटनेटकं नसतं. कुणी पन्नास आणतो, बहुतेक जण एकही आणत नाहीत. त्यामुळे खालची गर्दी कमी होत नाही.

मंचावरून जे वाक्य वारंवार येतं ते असं: ‘इथे कुणीही डायमंड होऊ शकतो.’ मी तर्कशास्त्र शिकवलं आहे, म्हणून या वाक्यापाशी थांबतो. ‘कुणीही होऊ शकतो’ आणि ‘सगळे होऊ शकतात’ ही दोन वेगळी विधानं आहेत. तमाशाच्या फडात मागचा कुणीही माणूस उभा राहिला तर त्याला नीट दिसतं. सगळे उभे राहिले तर कुणालाच नीट दिसत नाही, वर पाय दुखतात ते वेगळेच. (हशा) जी. ए. कोहेन या तत्त्वज्ञाने १९८३च्या एका निबंधात कुलूपबंद खोलीचं उदाहरण घेतलं होतं. खोलीत दहा माणसं आणि एक किल्ली. किल्ली कुणीही उचलू शकतो. पण एकजण ती घेऊन बाहेर पडला की उरलेल्यांची वाट बंद. प्रत्येक जण सुटू शकतो, सगळे सुटू शकत नाहीत. कोहेन कामगारवर्गाविषयी बोलत होता, पण आपल्या मेळाव्याचं वर्णन याहून नेमकं करता येणार नाही. ‘कुणीही’ ऐकणारा मनात ‘सगळे, म्हणजे मीसुद्धा’ असं समजतो. बोलणारा ‘कुणीही’च म्हणालेला असतो, त्यामुळे तो शब्दांत सापडत नाही.

जेवणानंतरचं माइंडसेटचं सत्र सगळ्यात गंभीर आहे. तिथे शिकवतात की जो यशस्वी झाला त्याने पद्धत पाळली, जो झाला नाही त्याने पाळली नाही. शंका घेणारे ‘निगेटिव्ह’, त्यांच्यापासून लांब राहा, मग तो सख्खा भाऊ का असेना. कार्ल पॉपरने आपल्याला एक कसोटी दिली: काय घडलं म्हणजे तुमचा दावा चुकीचा ठरेल, ते आधी सांगा. इथे काहीही घडलं तरी दावा खराच राहतो. ६२५ जणांखाली कुणी नाही, ही झाडाची रचना आहे. पण त्या ६२५ मधली बाई घरी जाऊन म्हणते, “माझंच मन कमी पडलं.” पैसे जातात ते कधीतरी भरून निघतात. स्वतःविषयीची ही समजूत पुसायला फार काळ लागतो.

आता पत्रिकेत काय नाही ते बघू. चौदा वक्त्यांत ग्राहक एकही नाही. म्हणजे जो या साखळीत नाही, ज्याला कमिशन मिळत नाही, आणि तरीही जो ती पावडर, ते तेल, ती साबणवडी त्या किमतीला घेतो, असा माणूस. कायद्यानेही बोट इथेच ठेवलं आहे. अमेरिकेत १९५९ मध्ये मिशिगन राज्यातल्या एडा गावी अ‍ॅमवे सुरू झाली. तिच्यावर खटला चालला तेव्हा १९७९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने तिला पिरॅमिड ठरवलं नाही. का? तर न विकलेला माल परत घेणं, घेतलेल्या मालातला ७० टक्के माल पुढे विकणं, महिन्याला दहा वेगवेगळ्या ग्राहकांना विक्री करणं, असे नियम कंपनीने ठेवले होते. म्हणजे सुटका झाली ती ग्राहकाच्या आधारावर. नेटवर्कवाले हा निकाल अभिमानाने सांगतात. त्याच निकालात किमती बांधून देण्याबद्दल आणि कमाईचे फुगवलेले दावे करण्याबद्दल कंपनीला दोषी धरलं होतं, हे मंचावरून सांगितलं जात नाही. पुढे २०१६ मध्ये त्याच कमिशनशी झालेल्या तडजोडीत हर्बालाइफने २० कोटी डॉलर भरले आणि मोबदल्याची पद्धत प्रत्यक्ष किरकोळ विक्रीशी जोडायचं मान्य केलं. आपल्याकडे पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८ पासून आहे, आणि २८ डिसेंबर २०२१ला आलेल्या थेट विक्रीच्या नियमांनी पिरॅमिड योजना चालवायला स्पष्ट मनाई केली आहे. ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय ग्राहकाच्या दारी जायचं नाही, असंही त्यात आहे. साध्या भाषेत सांगायचं तर प्रश्न एकच: पैसा बाहेरच्या ग्राहकाकडून येतो, की आत येणाऱ्या नव्या माणसाकडून?

आणि मेळाव्यात तर पैसा आतल्याच माणसांकडून येतो. आठशे खुर्च्या, पाचशे रुपये, चार लाख. सभागृह, जेवण, ध्वनियंत्रणा यांचा खर्च जाऊन जे उरेल ते कुणाचं? पत्रिकेत उत्तर नाही. समजा, माल खपला नाही तरी मेळावे खपतात, असं झालं, तर यशाचं व्याख्यान हाच खरा माल ठरतो.

कुणी मला म्हणतं, कीर्तनातही माणसं भारावतात, तेव्हा तुम्ही आक्षेप घेत नाही. तुलना चांगली आहे, ती पुढे नेऊ. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्त मांडतात, मध्ये नामाचा गजर होतो, बुक्का लावतात, मग उत्तररंगात आख्यान. भारून टाकण्याची व्यवस्था तिथेही पक्की आहे. पण आरतीच्या ताटात रुपया टाका, दहा टाका, न टाका, घरी जाताना तुम्ही कुणाचे देणेकरी नसता. आणि श्रोत्यांना कीर्तनकार बनवून त्यांच्या बिदागीतला हिस्सा बुवा घेत नाहीत. वारीत तर दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पाया पडतात. तिथे कोण अपलाइन आणि कोण डाउनलाइन?

राहिला ‘संकल्प’. त्यात प्रत्येकाने ओळखीच्या शंभर नावांची यादी करायची आहे. मावशी, शाळेतला मित्र, शेजारी, मुलाच्या वर्गशिक्षिका. कांट म्हणतो, माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये. त्यातल्या ‘निव्वळ’ शब्दाकडे लक्ष द्या. वाण्याकडून आपण साखर घेतो तेव्हा त्याचा उपयोग करूनच घेतो, पण तो व्यवहार उघड असतो, दोघांनाही माहीत असतो. यादीतल्या मावशीला मात्र वाटतं, भाचा भेटायला आला. चहा होतो, आणि मग पिशवीतून फाइल निघते. पुढच्या वेळी भाचा खरंच नुसता भेटायला येतो, तेव्हाही मावशीची नजर पिशवीकडेच जाते. हे नुकसान कुठल्याही हिशेबाच्या वहीत येत नाही.

तर माझ्या विद्यार्थ्याला मी चार सुधारणा सुचवल्या आहेत. एक, पहिलं सत्र ग्राहकांचं ठेव. साखळीबाहेरचे दहा जण आण, हा माल का घेता ते त्यांना बोलू दे. दोन, यशोगाथांऐवजी पडद्यावर हिशेब दाखव. नावं नकोत. तुझ्या गटातल्या प्रत्येकाची वर्षाची कमाई, वजा स्वतः घेतलेला माल, प्रवास, तिकिटं. मग सगळ्यांना उतरत्या क्रमाने लाव आणि बरोबर मधल्या माणसाचा आकडा मोठ्याने वाच. सरासरी सांगू नकोस, एका डायमंडमुळे ती फुगते. तीन, सोडून गेलेल्या दोघांना बोलाव, आणि ते बोलताना कुणी हुर्यो करणार नाही याची हमी घे. चार, त्या दिवशी सभागृहात ना जॉइनिंग, ना खरेदी. सही आठ दिवसांनी, घरी, चष्मा लावून. तिकिटांचा जमाखर्च दाराशी लाव.

तो म्हणाला, “सर, असं केलं तर मेळाव्याला कोण येईल?” प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचं उत्तर त्यालाच द्यावं लागेल. माल चांगला असेल, ग्राहक खरे असतील, तर या चारही गोष्टींनी त्याचा व्यवसाय मजबूत होईल. विक्रेत्यांचा मेळावा भरवण्यात गैर काही नाही. शेतकऱ्यांचे, औषधविक्रेत्यांचे मेळावे भरतातच. पण खरा आकडा वाचला की सभागृह रिकामं होणार असेल, तर ते कशाने भरलं होतं, हे त्याला कळायला हवं. तो हुशार मुलगा आहे, मेहनती आहे. म्हणूनच मी त्याला टाळलं नाही.

आणि तुमच्यापैकी कुणाला असं निमंत्रण आलं, तर जरूर जा, ऐका. फक्त वही न्या आणि दोन रकाने आखा. एका रकान्यात मंचावर सांगितलेली कमाई लिहा, दुसऱ्यात त्याच माणसाने सांगितलेला खर्च. संध्याकाळी वही उघडून पाहा, दुसऱ्या रकान्यात काही लिहिलं गेलंय का.

मी इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.